एकदाच बघायचं

"दोनदा बघतो त्याने पहिल्यांदा बघितलेलंच नसतं," असं म्हणून तो हातातली वस्तू खाली ठेवायचा. मग ती गाडीची चावी असो, गॅसचा कॉक असो, नाहीतर उंच इमारतीतली लिफ्ट. लिफ्ट तपासणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. सिडनीभर फिरून तो त्या बघायचा, आणि त्याने 'ठीक' म्हटलं की लोक त्या डब्यात पाय ठेवायचे. बघताना चष्मा कपाळावर चढवायचा, वस्तू नाकाशी धरायची, श्वाससुद्धा रोखायचा. तेवढा वेळ जगात दुसरं काही नसायचं. मग चष्मा खाली, आणि विषय संपला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. घराला कुलूप लावून निघाला की कोपऱ्यावरून परत न येणारा. आपण बाकीचे सगळे परत येणारे.

आम्ही सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरात एकाच रस्त्यावर राहायचो. तो पुण्याचा, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. मी डोंबिवलीचा. बर्फ दोघांनीही चाळिशी उलटताना पहिल्यांदा पाहिला, आणि त्या वयात एखादं खूळ लागावं तसं स्कीइंगचं लागलं. तिसरा मंदार. तो इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आला आणि इथलाच झाला. आमच्यात वयाने लहान आणि तोंडाने मोठा.

दर मे महिन्यात, इथला हिवाळा आणि बर्फाचा सीझन सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी त्याच्या गॅरेजमध्ये 'कांदेपोहे' असायचे. खरोखरीचे पोहे असायचेच, वहिनी करायच्या. पण नाव पडलं होतं स्कींमुळे. ज्याने त्याने नव्या घेतलेल्या किंवा कुणाकडून जुन्या उचललेल्या स्की आणायच्या, भिंतीला ओळीने उभ्या करायच्या, आणि सगळ्यांनी बघायच्या. उंची किती, कमरेत किती, आधीच्या घरी किती वर्षं नांदली, वाकवली तर नरम की कडक. मुलीला गाता येतं का, हेही मंदार विचारून घ्यायचा. वहिनी बशा घेऊन आल्या की म्हणायच्या, "हे मला बघायला आले तेव्हा पाच मिनिटांत उठले होते. आणि इथे दोन लाकडांना दुपार लागते."

तो मान वर न करता म्हणायचा, "एकदाच बघितलं. चुकलं का?"

वहिनी रिकाम्या बशा उचलून आत जायच्या. हसत जायच्या, पण ते आम्हाला दिसू नये अशा बेताने.

त्यांची जुनी इस्त्री त्याने स्कीला मेण लावायला घेतली होती. गॅरेजभर गरम मेणाचा आणि फोडणीचा वास एकत्र यायचा. ऑक्टोबरात सीझन संपायला आणि खंडेनवमी यायला गाठ पडायची, तेव्हा पाने, पक्कड, लिफ्टच्या कामाची हत्यारं यांच्या रांगेत तो स्कीही ठेवायचा आणि त्यांना हळदकुंकू लावायचा. मंदारने एकदा विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "वर्षभर जीव सांभाळतं ते हत्यार."

स्कीवर बूट धरून ठेवणारी एक पकड असते. तिला बाइंडिंग म्हणतात. माणूस पडला की तिने बूट सोडून द्यायचा, नाहीतर लांबलचक स्कीबरोबर पाय पिळवटतो. किती जोर आला की सोडायचं, ते स्क्रू फिरवून ठरवतात. वजन, वय आणि माणूस किती धीट, यावरून आकडा काढायचा. आम्ही तो दुकानातून लावून आणायचो. तो स्वतः लावायचा, आणि जरा सैलच लावायचा. "धरून कोणीही ठेवतं," म्हणायचा. "वेळेवर सोडता आलं पाहिजे."

त्यामुळे जरा धक्का बसला की त्याची स्की सुटायची. आम्ही खाली ताटकळत उभे, आणि हा वर बर्फात बसून शांतपणे बुटाचा तळ खरवडतोय. मंदार खालून हाक मारायचा, "इन्स्पेक्टर, लिफ्ट बंद आहे का आज?" तो हात हलवायचा. त्याला कधी राग आल्याचं मला आठवत नाही.

राग मला यायचा.

त्या वर्षी मी नव्या स्की घेतल्या होत्या. लांब, कडक, वेगाने जाणाऱ्यांच्या. दुकानातल्या मुलाने विचारलं तेव्हा मी स्वतःला पटाईत म्हणवून घेतलं होतं. कांदेपोह्यांना त्या भिंतीला लावल्या, मंदारने शिटी मारली. मग इन्स्पेक्टरने चष्मा कपाळावर चढवला. कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, टोक एका हातात धरून मधोमध दाबून पाहिलं.  मग चष्मा खाली घेऊन तो म्हणाला, "स्की उत्तम आहेत. तुझ्या नाहीत या. तुला झेपायच्या नाहीत."

खरं होतं. पण मंदारची बायको होती, माझी बायको होती, माझा मुलगा दाराशी उभा होता. मी हसलो आणि पोह्यांत लिंबू पिळलं.

नंतर त्याने आपल्या स्की बाकावर घेतल्या, दोन्हींचे आकडे लावले, श्वास रोखून एकदा पाहिले, आणि चहा झाला का बघायला आत गेला. बाकीचे मागच्या अंगणात होते. स्क्रू ड्रायव्हर बाकावरच होता. मी त्याच्या डाव्या स्कीचे पुढचे आणि मागचे स्क्रू आवळले. थोडेसे नाही, चांगलेच घट्ट. उजवी हातात घेणार इतक्यात वहिनींच्या चपलांचा आवाज आला आणि मी स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेवला.

कित्येक वर्षं मी मनाला सांगत आलो की त्याच्या भल्यासाठी केलं. सारखी सुटते बिचाऱ्याची, जरा घट्ट असू दे. आता वय झालं, आता खोटं बोलायचा कंटाळा आला. मला राग आला होता. एकदाच बघून, सगळ्यांसमोर, त्याने माझं माप काढलं होतं. त्याचं बघणं चुकलेलं मला एकदा पाहायचं होतं.

चहा घेऊन तो बाहेर आला, स्की उचलल्या आणि पिशवीत भरल्या. पुन्हा पाहिलं नाही. पाहणार नाही हे मला माहीत होतं.

तुम्हाला वाटेल कुठल्या कड्यावरून पडला. नाही हो. जुलैतली दुपार होती, ऊन लागून बर्फ जड झालेला, आणि उतार असा की शेजारून शाळेची पोरं रांगेने चालली होती. वळताना तो हळूच कलंडला. चालताना सोफ्यावर टेकावं तसा. उजवी स्की सुटून बाजूला झाली. डावी बुटाला धरून राहिली आणि बर्फात रुतली, आणि त्याचं शरीर तिच्याभोवती फिरलं. मी मागेच होतो. आवाज मी ऐकला.

तो ओरडला नाही. पायाकडे बघत राहिला. पाय होता तिथे नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सुटली नाही रे."

दुखण्यापेक्षा त्याला नवल जास्त वाटत होतं. मी त्याच्या डोक्याखाली हातमोजे ठेवले. तेव्हा सांगायला हवं होतं. बचाववाले घसरगाडी घेऊन येईपर्यंत बराच वेळ होता, आणि आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "बोलू नकोस."

नडगीचं हाड पिळून मोडलं होतं, गुडघा आतून फाटला होता. दोन ऑपरेशनं झाली. पाय राहिला, थोडा लंगडत का होईना. पायाचं दुःख त्याने फारसं केलं नाही. घरी आल्यावर स्की मागवल्या. चष्मा वर चढवला. उजवीचा आकडा बरोबर. डावीचा भलताच. पुष्कळ वेळ त्या मांडीवर घेऊन बसला होता, असं वहिनी म्हणाल्या. डोळे तपासून घेतले, नंबर तोच निघाला. मग त्याने स्वतःच निकाल लावला: एक बरोबर, एक चूक, म्हणजे मधेच लक्ष उडालं. आणि उडालं हे कळलंसुद्धा नाही.

मंदार हॉस्पिटलात म्हणाला, "चलता है इन्स्पेक्टर, एक तो गलती अलाउड है." त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो हसवायला आला होता.

सांगायचं म्हणून मी त्यांच्याकडे किती तरी वेळा गेलो आणि चहा पिऊन परत आलो. एकदा वहिनींनी मला स्वयंपाकघरात थांबवलं. शेंगा सोलत होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी गॅरेजमध्ये तुम्ही होतात ना? खरं सांगा. यांचं लक्ष नव्हतं का?"

स्क्रू आवळताना मी रागात होतो. या प्रश्नाला उत्तर देताना रागात नव्हतो. समोर ही बाई, नवऱ्याचं काय बिघडलंय ते शोधतेय. मी म्हणालो, "गप्पा चालल्या होत्या. थोडं लक्ष गेलं असेल."

त्यांनी मान हलवली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो खुर्चीतून म्हणाला, "तूही बघितलंस म्हणे. बरं झालं बोललास. मला वाटलं होतं मीच उगाच स्वतःला दोष देतोय."

ज्या पापाची मला झोपेत आठवण येते ते हे. गॅरेजमधलं नव्हे.

तो कामावर परत गेला. काठी घेऊन. लिफ्ट बघायचा, सही करायचा, गाडीत येऊन बसायचा आणि परत आत जायचा. मग घरी जेवून पुन्हा तिकडे जायचा. एका इमारतीच्या वॉचमनने ऑफिसला कळवलं की तुमचा माणूस संध्याकाळी येऊन नुसता लिफ्टसमोर उभा राहतो. ऑफिसचे लोक भले होते, समजून घेत होते. पण एक दिवस त्यानेच सांगितलं की माझ्या सहीवर लोकांना वर पाठवू नका. मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. मुलगी पार उत्तरेला, उकाड्याच्या डार्विनमध्ये हॉस्पिटलात डॉक्टर होती, घर विकून दोघं तिच्याकडे निघाले.

गॅरेज रिकामं करताना त्याने स्की माझ्या हातात दिल्या. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाला. "तुझ्या मुलाला पुढेमागे होतील. पण बाइंडिंग दुकानात दाखव. माझ्यावर विसंबू नकोस."

त्यानंतर तीन वर्षांनी मी डार्विनला गेलो. पाऊस तोंडावर आलेला पण पडत नसलेला, ऑक्टोबरातला तो चिकट उकाडा. मागच्या ओसरीत पंख्याखाली तो बसला होता, निम्मा झालेला. मला बघून खरंच आनंदला. म्हणाला, "इथे बरं आहे. बर्फ नाही, लिफ्टही फारशा नाहीत. माझ्यासारख्याला सुरक्षित." वहिनी आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या. मी प्रस्तावना न करता सांगितलं. चहा आणायला तू आत गेलास. डाव्या स्कीचे स्क्रू मी आवळले. मला राग आला होता. वहिनींशी खोटं बोललो. तुझं लक्ष उडालं नव्हतं. तू बघितलंस ते बरोबरच बघितलं होतंस.

 त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिने तुला बोलावून घेतलं ना?" त्याने विचारलं. "मला बरं वाटावं म्हणून?"

"नाही रे. खरं सांगतोय."

"तुझा स्वभाव मला माहीत आहे. दुसऱ्याचं ओझं उचलायला आधी पुढे." तो हसला. "पण तिथे चूक माझी होती. तूच तर बघितलंस."

मी पुन्हा सांगितलं. कुठला स्क्रू ड्रायव्हर, कुठल्या रंगाच्या मुठीचा, तेही सांगितलं. जितकं सांगावं तितकी त्याला माझी दया येत गेली. शेवटी तोच मला म्हणाला, "सोड आता. इतक्या लांब आलास, तेवढं पुष्कळ झालं." माझी साक्ष मीच आधी दिली होती, आणि तिच्यावर त्याचा पुरता विश्वास बसला होता.

वहिनींना मी सांगितलं, निघायच्या दिवशी. त्यांनी ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि मला म्हणाल्या, "आता त्यांना पटवायला कुठून आणू मी कोणाला?" त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. बरोबर आहे.

तो गेला गेल्या फेब्रुवारीत, तिथल्या भर पावसाळ्यात. मुलीचा फोन आला. स्की माझ्या गॅरेजमध्ये आहेत. डावीचा आकडा मी लावला होता तिथेच आहे, आणि दोन्हींच्या टोकांना मेणात अडकलेलं थोडं कुंकू आहे. मला त्यांना हात लावता येत नाही.

पण मला तो दिसतो ते त्या डार्विनच्या मुक्कामात. जेवणं झाल्यावर तो काठी टेकत बाहेरच्या फाटकापर्यंत जायचा, कडी हलवून बघायचा, परत यायचा. पुन्हा जायचा. मुलगी आतून म्हणायची, "बाबा, इट्स लॉक्ड. प्लीज." तो ओशाळून थांबायचा, आणि जरा वेळाने पुन्हा उठायचा. माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी असाच उठला, आणि दोन पावलांवर थांबून माझ्याकडे वळला.

"तू बघून येतोस का रे?" म्हणाला. "तू बघितलंस म्हणजे मला झोप लागेल."

मी गेलो. कडी लागलेली होती. परत येऊन सांगितलं, "लागली आहे."

"बघितलंस ना नीट?"

"बघितलं."

त्याने चष्मा काढून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या रात्री फाटक बघायला पुन्हा उठला नाही.