काल्हेरच्या ऑफिसातून गायब झालेलं बेट

"अगं, गायब म्हणजे? बेट काय चालत गेलं?" मी ओरडलेच.

माझी ज्युनिअर आफरीन रडवेली झाली होती. अंटार्क्टिकाजवळचं एक चिमुकलं, निर्मनुष्य बेट तिनं सॅटेलाइट फोटोवरून आखलं होतं. क्लायंटनं तिकडच्या उन्हाळ्यातला नवा फोटो पाठवला, तर तिच्या रेषेच्या आत नुसतं पाणी! आमचं ऑफिस भिवंडीजवळ काल्हेरला, एका गोदामाच्या वर. आम्ही डिजिटायझिंग करतो, म्हणजे फोटोतल्या वस्तूंच्या कडा माऊसनं गिरवून नकाशा बनवतो. गिरवलेलं तपासायचं काम माझं.

आमचे मालक शिंदेसर तावातावानं आले. "हिनं हिमनग आखलाय! गेला वाहून. आता कसली परमनंट करायची हिला? घरी पाठवा."

आफरीनच्या घरचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद पडलेत. निजामपुऱ्यातलं अख्खं घर हिच्या पगारावर चालतं.

दोन्ही फोटो शेजारी लावले. डोकं चक्रावलं. जुन्यात पांढरा ढीग आणि त्याच्या उत्तरेला काळा पट्टा. नव्यात ढीग नाही, पट्टा मात्र तिथंच! ढीगच नाही, तर सावली कुणाची? भुताची?

"हा काळा भाग का सोडलास गं?"

"सावली म्हणून, मॅडम. सरांचाच नियम ना, उत्तरेची सावली कापायची?"

खरं होतं. आम्ही वर्षानुवर्षं भिवंडीची गोदामं गिरवलेली. आपल्याकडे सूर्य बहुतेक वेळा दक्षिणेला कललेला, म्हणून शेडची सावली उत्तरेला. हात आपोआप ती कापून टाकतो. पण दक्षिण ध्रुवाकडे सूर्य उत्तरेला असतो, सावली पडते दक्षिणेला! म्हणजे तो पट्टा सावली नव्हताच, खडक होता. बेट आम्ही कापून टाकलं आणि त्याला चिकटलेला, उन्हाळ्यात वितळणारा बर्फ जपून ठेवला.

सरांना समजावताना माझाच दोनदा गोंधळ झाला. शेवटी टेबलावर डबा ठेवून मोबाइलचा टॉर्च मारला.

"आयला! म्हणजे माझाच नियम नडला?"

"हो सर."

नवी रेष क्लायंटनं मान्य केली. वर विचारलं, पक्कं नाव त्यांच्या देशाची समिती ठरवेल, तोवर कामचलाऊ नाव सुचवता का? सर एकदम खूश. "आफरीन, तू आखलंस, तूच नाव दे. तुझंच देऊ या?"

"बेटाचं नाव सावकाश ठेवू, सर," ती म्हणाली. "आधी माझं नाव परमनंटमध्ये घाला."

सरांनी त्याच दिवशी घातलं. बेट मात्र अजून बिननावाचंच आहे. आम्ही आता नवा फोटो उघडला की आधी सूर्य कुठं आहे ते बघतो. नियम मग.