अक्काचं कपाळ

आमच्या घरी आंघोळ झाली की कपाळाला भस्म लावायची रीत. त्यामुळं अक्काच्या कपाळावरचा पहिला डाग कुणाच्या ध्यानातच आला नाही. संध्याकाळी ती तोंड धुऊन आली की माय अंगठ्यानं तिचं कपाळ घासायची. "नीट धुवावं की गं, भस्म राहिलंय." चार-सहा महिने माय ते भस्म पुसत होती. पुढं ओठाच्या कडेला आणि बोटांवर पांढरं उमटलं, तेव्हा कळलं की हे कोड आहे.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बोरीला आमचं किराणा दुकान होतं. तिच्या हातचा गूळ बाया घेईनात, म्हणून अप्पांनी तिला दुकानात बसणं बंद करायला लावलं. तिनं शिलाई मशीन धरलं. तिनं शिवलेल्या झंपराला मात्र कुणी नाही म्हटलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी परभणीला राहून बी.ए. झालो तो त्या मशीनवर. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहायचं आहे ते त्या उपकाराला शोभणारं नाही.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा आमचं कॉलेज बरेच दिवस बंद होतं. मी खोलीशेजारच्या फोटो स्टुडिओत जाऊन बसू लागलो. स्टुडिओवाल्या चाचांनी मला टचिंग शिकवलं. निगेटिव्हमध्ये पांढरा डाग काळा दिसतो. दाढीच्या पात्याच्या टोकानं तो काळेपणा हलक्या हातानं खरवडायचा, म्हणजे छापल्यावर कातडी एकसारखी येते. एकदा खरवडलं की मूळचं परत येत नाही. "गिऱ्हाइकाला इचारायचं न्हाई, मियाँ," चाचा म्हणायचे. "वण, डाग, दिसलं की गायब करायचं. आजवर कुणी भांडायला आलं न्हाई."

माझा हात लवकर बसला. अक्काचा दाखवायचा फोटो मीच काढला आणि दोन दिवस खपून साफ केला. अप्पांनी तो राणीसावरगावला धाडला. पाहुणे आले. मुलाच्या आईनं फोटो अक्काच्या तोंडाशेजारी धरला, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"हा फोटो कुणाचा हाय?"

अक्काच बोलली, "माझाच हाय की. भावानं केलाय. हात लय चांगला हाय त्याचा, न्हाई का?"

पाहुणे चहा न घेता उठले. तेव्हा तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण मास्तर झालो तरी रविवारी मी स्टुडिओत असायचो, आणि अक्का परभणीला आली की तिला स्टुलावर बसवून फोटो काढायचो. तिचं लग्न आता होणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं, तरीही पातं चालूच होतं. तिच्यासाठी मला एवढंच करता येतं असं वाटायचं. डाग वाढत गेले, तसं माझं खरवडणंही.

एकदा ती म्हणाली, "एक तरी तसाच ठेव की रे."

"कशाला?"

"मला बघायचंय."

"आरसा हाय की घरी."

"आरशात मीच मला बघते. दुसऱ्याला मी कशी दिसते, ते बघायचंय."

मी हसलो. "पुढच्या बारीला ठेवतो," म्हणालो आणि दिव्याच्या काचेवर निगेटिव्ह ठेवलं.

पुढची बारी आली नाही. अक्का काविळीनं आठ दिवसांत गेली. भिंतीवर लावायला मी तिचा सगळ्यात चांगला फोटो मोठा करून आणला. मायनं तो मांडीवर घेतला.

"ही कोन?"

"अक्का."

"न्हाई. माझ्या लेकीचा आण."

मी सगळी निगेटिव्हं काढून उजेडात धरली. एकातही ती नव्हती.

मग आठवलं, आदल्या वर्षी गंगाखेडला मावसभावाच्या लग्नात व्हिडिओवाला होता. कॅसेट मागून आणली, व्हीसीआर आणि टीव्ही भाड्यानं आणला. अक्का अशा ठिकाणी पदर तोंडावर ओढून बसायची. पण मांडवाच्या कोपऱ्यात तिच्याकडं कुणाचं तरी तान्हं दिलेलं होतं, दोन्ही हात गुंतलेले. हॅलोजनचा दिवा तिच्यावर आला. तिनं डोळे बारीक केले, हसली आणि कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी म्हणाली. बँडच्या आवाजात ते ऐकू येत नाही. मी पुष्कळदा लावून बघितलं.

खिडकीला चादर बांधली, टीव्हीसमोर कॅमेरा ठेवला. चित्र थांबवलं की थरथरायचं आणि एक पांढरी रेघ आडवी यायची, कधी डोळ्यांवर, कधी ओठांवर. अख्खा रोल संपवला. एकात रेघ गळ्यावर आली होती, तोंड मोकळं होतं. कपाळ भुवयांपर्यंत पांढरं, त्यात डाव्या बाजूला मूळच्या सावळ्या कातडीचा रुपयाएवढा तुकडा उरलेला. तो तुकडा मी कितीदा पात्याखाली पाहिला होता. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच पाहिला.

पातं न लावता फोटो छापला आणि बोरीला नेला. मायनं तो दारातल्या उजेडात धरला. मग तिचा अंगठा फोटोतल्या कपाळावरून फिरला, डावीकडून उजवीकडं.

"ही," ती म्हणाली.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "गळ्यावरची रेघ तेवढी काढून आणू का?"

"न्हाई," माय म्हणाली. "लय काढलंस तू."