शिंगाड्याची कंपनी कोणाची?

आमची शिंगाड्याच्या पिठाची कंपनी विकली गेली तेव्हापासून गावात जो भेटतो तो म्हणतो, "नशीब काढलं बाई तुम्ही!" नशीब? ऐकलं की अंगाची आग होते. एकाला उत्तर देऊन पुढे जावं तर दुसरा उभा, आणि प्रत्येकाला उत्तर देताना नवा किस्सा आठवतो. आमच्याच शेडमध्ये अजूनही शिंगाडे सोलताना आम्ही सहाजणी तेच उगाळत बसतो. आज लिहूनच टाकते.

धानाची रोवणी झाली की आमच्या हाताला काम नसतं. लहान्या पोरीला सासूजवळ टाकून नागपूरला भांडी घासायला जावं लागू नये, काम गावातच मिळावं, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप होता.

*

पहिला धंदा उकडलेल्या शिंगाड्यांचा. साकोलीच्या बसस्टँडवर विकायचे. मी म्हटलं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले तर स्वच्छ दिसतील. गरमागरम भरले, मेणबत्तीवर पिशव्यांची तोंडं चिकटवली. दुपारपर्यंत पिशव्यांना आतून घाम! एका गिऱ्हाइकाने वास घेतला आणि म्हणाला, "बाई, हे माणसानं खायचे का म्हशीनं?"

सगळा माल फेकला. घरी नवरा म्हणतो, "मले पयलेच मालूम होतं."

मालूम होतं तर सांगितलं काहून नाही? भरताना पिशव्यांची तोंडं तोच तर धरून बसला होता!

*

मग पीठ. शिंगाडे वाळवले, गावच्या चक्कीवर दळून आणले, छान पाकिटं केली. एकादशीच्या दिवशी पवनीहून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन. "थालीपीठ कडेला चिरलं कसं नाही? पोळीसारखं लाटलं गेलं! ह्यात गहू आहे! माझा इतक्या वर्षांचा उपास मोडला!"

चक्कीवाल्याकडे धावलो. तो शांतपणे म्हणतो, "तुमच्या आधी गव्हाचं दळण होतं. थोडं तर मिसळनारच न वो."

आमच्यातली मोठी सुमनकाकू. तिने फोन घेतला. "बाई, तुमचा उपास मोडला, आमचा धंदा मोडला. तुमी उद्या पुन्हा धराल. आमी काय धराव?"

पण शिकलो. पुढच्या हंगामात स्वतःची चक्की घेतली. गहू तिच्या आसपासही फिरकू दिला नाही.

*

एक मॅडम आम्हाला प्रशिक्षण द्यायला आल्या. पडद्यावर चित्रं दाखवून म्हणाल्या, "अपयश ही मोठी शाळा असते."

काकू म्हणाली, "मंग या शाळेत तुमचं नाव घाला न मॅडम. आमी दोन वर्स बसलो."

*

माझी गुड्डी तेव्हा नुकती चालायला लागली होती. शिंगाडे उकडायची कढई आणि ती, माझा जीव सदा टांगलेला. एकदा तर कढईपासून हातभरावर पकडली. त्या दिवसापासून लुगड्याची पट्टी तिच्या कमरेला, दुसरं टोक माझ्या कमरेला. सासू म्हणायची, "धंदा कर नाहीतर लेकरू सांभाळ." नवऱ्याला असं कोणी कधी विचारलं?

बँकेचे साहेब चक्कीच्या कर्जाची पाहणी करायला आले. पट्टी बघून म्हणाले, "लेकराला असं बांधून ठेवणं बरोबर नाही."

"मंग तुमी धरा!" म्हटलं, आणि गुड्डी त्यांच्या हातात दिली.

तिने पेनाचं टोपण चघळलं, चष्मा ओढला, शर्ट ओला केला. साहेबांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही.

*

धंदा चालला. तुमसर, भंडारा, नागपूर, सगळीकडे पाकिटं जाऊ लागली. मग गावात सत्कार. स्टेजवर कोण? आमचे नवरे! "बायकांना साथ दिली" म्हणून शाल आणि नारळ.

घरी येऊन तो नारळ मलाच फोडायला दिला.

*

शेवटी नागपूरचे एक शेठ कंपनी घ्यायला आले. नवऱ्यांना खुर्च्या, आम्ही उभ्या. आमची अट एकच होती. सोलायचं-दळायचं काम याच शेडमध्ये, आम्हा सहाजणींकडेच राहील. शेठ आधी "हो, हो" म्हणालेले.

मी गुड्डीला कडेवर घेऊन कागदावर बोट ठेवत ठेवत वाचलं. अट कुठेच नाही!

"शेठजी, आमची अट?"

"यजमानांशी बोलणं झालंय ताई. तुम्ही फक्त इथे सही करा."

मी पुन्हा वाचलं. घेणाऱ्याच्या जागी एका बाईचं नाव. खाली तिची सहीसुद्धा झालेली.

"ह्या कोण?"

"माझ्या मिसेस. फर्म तिच्या नावावर आहे. नावापुरती."

काकू म्हणाली, "मंग त्यायलेच फोन लावा."

"तिला यातलं काही कळत नाही हो."

"आमालेबी नाही कळत. लावा!"

शेठनी नवऱ्यांकडे पाहिलं. नवरे आपापल्या चपला बघत होते. फोन लागला. काकूने स्पीकर सुरू करायला लावला.

"बाई, तुमी आमची कंपनी घेऊन राहिल्या, म्हणून फोन केला."

"मी? कंपनी? मी कुठे सही केली?"

शेठ फोनकडे झेपावले. काकूने त्यावर हात ठेवला. "कागदावर हाय न तुमची सही."

 मग ती हळूच म्हणाली, "त्या कागदात काय काय लिहिलंय, मला वाचून दाखवाल का?"

काकूने कागद माझ्याकडे सरकवला. मी पहिल्या ओळीपासून सुरू केलं.