हिल्सबरोची रिकामी खोली

तर काल वसुंधराबाईंनी खोलीला कुलूप घातलं, इथवर आलो होतो. अमेरिकेतल्या हिल्सबरोच्या घरातली मागची खोली. साल दोन हजार चार. मुलगा पुरुषोत्तम आणि सून सुनीती सेऊलच्या अनाथाश्रमातली दीड वर्षाची मुलगी दत्तक घ्यायला निघालेले. पुरुषोत्तमची आधीची नोकरी सेऊलमधलीच. मुलीचा फोटो देवघरात येऊन बसला होता. आता दत्तक कचेरीच्या हेलनबाईंनी घर बघून होकार लिहिला तर मुलगी येणार, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार. आणि वसुंधराबाईंचा हुकूम काय, तर बाळाआधी घरात झबलंसुद्धा यायचं नाही.

"अहो आई, ती जन्मलीय! चालतेय!" सुनीती म्हणाली.

"सेऊलात चालतेय. आपला उंबरा ओलांडला, की आपल्यात जन्मली."

हेलनबाई आल्या. पोहे दोनदा घेतले. मग खोली बघायला मागितली. कुलूप निघालं. आत लख्ख झाडलेली फरशी, बाकी काही नाही.

"तयारी काहीच नाही?" म्हणत हेलनबाई लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत राहिल्या. सुनीतीचा चेहरा उतरला. पुरुषोत्तम खिडकीतून किती छान ऊन येतं ते सांगू लागला. बाहेर पाऊस होता.

वसुंधराबाईंचं इंग्रजी डेअरीतून दूध आणण्यापुरतं. पण एवढं लांबलचक लिहिणं बरं नव्हे, हे त्यांना कळलं. मोज्यांवरच सँडल्स चढवल्या, हेलनबाईंचं मनगट धरलं आणि कुंपणातल्या फटीतून त्यांना थेट शेजारच्या सुलेखाच्या गॅरेजात नेलं. मागोमाग मुलगा-सून.

आत पाळणा. जुन्या लुगड्यांची दुपटी, झबली, टोपडी, उंच खुर्ची. कोपऱ्यात कोरियन दुकानातला तांदूळ. त्याची पेज कशी करतात, तेही बाईंनी दुकानदारणीकडून हातवाऱ्यांनी शिकून घेतलं होतं. दीड वर्षाची तोंडची चव एकदम कशी तोडायची, म्हणून. सुनीतीनं हे सगळं पहिल्यांदाच पाहिलं आणि एक टोपडं उचलून धरलं, ते खाली ठेवेना.

"मग हे घरात का नाही?" हेलनबाईंनी विचारलं. सुनीतीनं तो प्रश्न सासूबाईंना मराठीत सांगितला.

वसुंधराबाई म्हणाल्या, "बाळाआधी पाळणा घरात आणत नाहीत. खोली तिच्यासाठीच रिकामी ठेवलीय. तुम्ही सही करा, बाळानं उंबरा ओलांडला, की पाळणा लगेच कुंपणापलीकडे आमच्या घरात नेते. आणि जरा लवकर करा बाई, दोन महिने सुलेखाची गाडी पावसात भिजतेय."