झुंबरबाईची केरसुनी

मांगवाड्यातली झुंबरबाई शिंदीच्या पानांच्या केरसुन्या बांधायची. वरीसभर तिला कुनी अंगनाच्या पुढं येऊ द्यायचं न्हाई. पन लक्ष्मीपूजनाला तिचीच केरसुनी लक्ष्मी म्हनून पुजायचे, तवा तेवढ्या दिशी तिला उंबऱ्यापशी बोलावून कुकू लावायचे. लई अप्रूप तिला त्याचं! त्या दिशी न्हाऊनधुऊन मोकळ्या कपाळानंच घरातनं निघायची, पयलं कुकू पाटलिनीच्या हातचं लागावं म्हनून.

दुष्काळाच्या आदल्या दिवाळीला बी तशीच केरसुन्यांचा भारा घिऊन निघाली. पाटलाच्या अंगनात हुबी ऱ्हाऊन हाक मारली, "वैनी, लक्ष्मी आलीय वं!"

मुक्ताबाई पाटलीन आतूनच म्हनली, "झुंबरे, यंदा शेवगावच्या दुकानातनं आनलीय गं. सोनेरी कागद लावलेली, लई झ्याक हाय. तुझी ठिव गोठ्यात, शेन झाडाया व्हईल."

 झुंबरबाई हळूच म्हनली, "केरसुनी ऱ्हाऊ द्या वैनी. कुकू तेवढं लावा."

"करंज्या तळतीय मी. उद्या ये."

पुढल्या दारांत बी तीच सोनेरी कागदाची लक्ष्मी. दिवे लागले तवा झुंबरबाई भारा तसाच डोक्यावर घिऊन माघारी आली. दारात तिचा नवरा बन्सी बसला हुता. तिचं कपाळ बघून हसला, "आगं, मी अजून जित्ता हाय की!"

ती हसली न्हाई. केरसुनीला कुनाचा पाय लागू न देनारी बाई ती. तिनं एकेक केरसुनी गुडघ्यावर मोडली, चुलीत सारली अन् तिच्यावरच दिवाळीच्या भाकरी भाजल्या.