अण्णांची द्राक्षवेल आणि अजेंड्यावरचा तिसरा मुद्दा

परवा रविवारी आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीची मीटिंग होती आणि अजेंड्यावर तिसरा मुद्दा होता आमची द्राक्षवेल. पहिला लिफ्टचा, दुसरा कुत्र्यांचा... त्यामुळे तिसऱ्यापर्यंत सगळे भांडून छान गरम झाले होते.

वेल माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झालेले. त्यांच्या आजोबांनी नाशिकजवळ द्राक्षबाग लावली होती, जुन्या भोकरी जातीची, बियांची द्राक्षं. पुढे वाटण्या झाल्या, बाग उपटली गेली, आता तिथे रो-हाऊसेस आहेत. त्याआधी अण्णांनी एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रेनने दिल्लीला आणली होती... त्या अख्ख्या बागेतलं आता एवढंच उरलंय, आमच्या ग्राउंड फ्लोअरच्या खिडकीबाहेर.

फक्त एक अडचण होती. पंचवीस वर्षांत तिला एकही द्राक्ष लागलं नव्हतं.

पानं मात्र भरपूर. मांडवाने दोन गाड्यांची जागा अडवलेली, आणि सोसायटीला तिथे पार्किंग हवं होतं. गेल्या वर्षी मी दर दोन ओळींनी 'हेरिटेज' हा शब्द घालून तीन पानी अर्ज लिहिला. सेक्रेटरी खन्नाजींनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "भाभीजी, अंगूर कहाँ हैं?"

अण्णांनी सेवेत कसूर केली नव्हती हो. दरवर्षी दसऱ्याला छाटणीच्या कात्रीची पूजा... हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी छाटणी. नाशिकला ऑक्टोबरात छाटतात, आजोबा तसंच करायचे, म्हणून इथेही तसंच.

वेल बिचारी कोवळी पालवी काढायची आणि डिसेंबरची थंडी ती जाळून टाकायची. अण्णा म्हणायचे, "यंदा हवा खराब होती." दिल्लीत हे कारण कधीच खोटं पडत नाही.

गेल्या दसऱ्याला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, छाटणी राहिली. जानेवारीत सोसायटीचे माळी रामसेवकजी मला म्हणाले, "मैडम, दिल्ली में अंगूर अभी कटता है, जब बेल सोई रहती है." अण्णा फिजिओथेरपीला गेले होते... मी पूजेची कात्री काढून दिली.

अण्णा परत आले तर मांडवावर नुसत्या काटक्या. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा हवा असला तरी निरोप नवऱ्यामार्फत यायचा.

मीही मनातून घाबरलेच होते. वेल गेली असती तर त्या बागेचा शेवट माझ्या हातून झाला असता.

मार्चमध्ये पालवी फुटली. मग एप्रिलअखेर घड दिसले... मोजून अकरा. पोपटांपासून वाचवायला अण्णांनी माझ्या दोन ओढण्या बांधल्या, मला न विचारता. बोलणं सुरू झालं असं मी समजले.

तर परवा मी ताटभर द्राक्षं घेऊन मीटिंगला गेले. मुलं एकमेकांना बिया दाखवत होती, त्यांनी बियांचं द्राक्ष कधी पाहिलंच नव्हतं. खन्नाजींनी चार खाल्ली, पाचवं उचललं आणि म्हणाले, "अंकलजी, पच्चीस साल में एक बार. तुक्का लग गया. अगले साल फिर पत्ते ही पत्ते."

माना हलायला लागल्या. आता हात वर करायला सांगणार आणि वेल जाणार... मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि अण्णांकडे बघून गप्प बसले. हा माणूस एकदा चुकीच्या ट्रेनमध्ये बसला, तेव्हाही चूक रेल्वेची होती. त्यांना सगळ्यांसमोर खाली बघायला कसं लावणार?

अण्णा काठी टेकत उठले.

"बेल में कोई खोट नहीं है," ते म्हणाले. "पच्चीस साल मैं ही गलत महीने में काट रहा था. इस साल रामसेवक ने सही वक्त पर काटी. आगे भी वही काटेगा."

खन्नाजींनी पाचवं द्राक्ष तोंडात टाकलं आणि पार्किंग मागच्या गेटपाशी बघू म्हणाले. वेल राहिली.

घरी येताना अण्णांनी माझा हात धरला होता, बहुधा गुडघ्यासाठी. मला मात्र फार भरून आलं. नाशिकची बाग गेली तेव्हा चूक कुणाची यावर अण्णांचे सगळे भाऊ वर्षानुवर्षं भांडले. तिच्यातली ही एक वेल 'माझं चुकलं' एवढ्यावर वाचली. थँक यू, अण्णा...