लातूरला समुद्र नाही

कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारा इतका सज्जन माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे गृहस्थ नात्याने माझे साडू. मूळचे देगलूरचे, नोकरी लातूरच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात; पण डॉक्टर नव्हेत. त्यांचं काम मोजण्याचं. नांदेडला आमच्या घरी आले की आंघोळीच्या बादलीत आधी थर्मामीटर जातो. "पाणी गरम आहे," असं माझी बायको म्हणाली की ते अतिशय नम्रपणे विचारतात, "गरम म्हंजे किती, ताई?" शिंप्याकडे जाताना ते स्वतःची टेप नेतात, शिंप्याची टेप तिच्याशी ताडून बघतात, आणि दोन्हींत दोऱ्याएवढा फरक निघाला तर खरी कोणती हे ठरवायला समोरच्या कापडदुकानातली लोखंडी मीटरपट्टी मागून आणतात. शिंपी कपाळाला हात लावतो. सदरा मात्र असा बसतो की बघत राहावं.

एकदा आम्ही दोघं एसटीने लातूरला निघालो, तर यांच्या मांडीवर बॅरोमीटर. हवेचा दाब दाखवणारं, घड्याळासारखं गोल यंत्र. लोहा गेलं, अहमदपूर आलं, काटा हळूहळू उतरत होता आणि यांचा चेहरा उजळत होता. "बघा गुरुजी, वर चढून राहिलो आपण. हवा पातळ झाली." शेजारच्या म्हाताऱ्याने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "मला तर काई फरक वाटंना बा." "तुम्हाला न्हाई वाटणार काका," साडू म्हणाले, "माझ्या पाण्याच्या टाकीत वाटतो."

या वेडाचा अर्थ मला सासूबाईंच्या आजारपणात कळला. सासूबाई उदगीरच्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि पुढे शेक घ्यायला, म्हणजे रेडिएशनला, त्यांना धाकट्या जावयाच्याच दवाखान्यात आणलं. पहिल्या दिवशी मी सोबत होतो. बाकावर भोकर, बिलोलीकडची माणसं पहाटेची निघून येऊन बसलेली. आणि नऊ वाजता आतून निरोप आला, मशीन बंद. बंद करणारे आमचे साडू.

झालं होतं असं. शेक देणारं मशीन किती किरण सोडतं हे ते पाण्याच्या टाकीत मोजतात, कारण माणसाचं अंगही बहुतेक पाणीच. टाकीत पेनाच्या टोकाएवढी नळी, नळीत चिमूटभर हवा. किरणांनी त्या हवेत वीज तयार होते, ती मोजायची. हवा विरळ असली तर वीज कमी भरते, म्हणून हवेचा दाबही हिशेबात घ्यावा लागतो. साडू चार दिवस रजेवर होते, बॅरोमीटर तपासणीला बाहेरगावी गेलेला. त्यांच्या हाताखाली नव्यानेच लागलेल्या बाईंनी आदल्या दिवशी मोजणी केली, तर किरण शंभराला सात कमी निघाले. मोठे डॉक्टर म्हणाले, "कमी पडतंय तर वाढवून घ्या. लोक खोळंबलेत."

"न्हाई साहेब," साडू म्हणाले. "मागच्या आठवड्यात बरोबर असलेलं मशीन एवढं घसरत न्हाई. एक तर ते खोटं बोलून राहिलं, न्हाईतर आपण."

बाहेर भोकरचा एक जण ओरडायला लागला. माझ्या मेव्हणीने, म्हणजे त्यांच्याच बायकोने, सगळ्यांदेखत सुनावलं, "आईला सकाळपासून बसवून ठेवलंय मी! आज तरी तुमचं मोजणं बाजूला ठेवा की!" साडू बाईंची वही उघडून बसले. एकेका ओळीवरून बोट खाली नेत एका आकड्यावर थांबले.

"हा दाब कुठून घेतला?"

"फोनवरून, सर," बाई म्हणाल्या. "बॅरोमीटर नव्हता ना."

साडू उठले. "गुरुजी, माझी स्कूटर काढा. तुम्ही चालवा, मी वही घेतो."

आम्ही एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे भिंतीवर पाऱ्याचा जुना, उंच बॅरोमीटर होता. साडूंनी चपला दाराशीच काढल्या. आकडा तीनदा वाचला, मग मला वाचायला लावला, मग शिपायाला. तिघांचा एकच आला. तेव्हा ते हलकेच हसले. "गुरुजी, लातूरला समुद्र कधी आला हो?"

फोनवरचा दाब, त्यांनी सांगितलं, गाव समुद्रकाठी आहे असं धरून दिलेला असतो. लातूर तर केवढं उंचावर! इथली हवा होती त्याहून दाट धरली गेली, म्हणून किरण कमी भरले. मशीन ठणठणीत होतं.

"आणि वाढवलं असतं तर?" मी विचारलं.

"रोज, एकेकाला, जास्त गेलं असतं. कातडी जळल्यावर कळलं असतं. मामींचं तर फुप्फुस अगदी जवळ हाय." सासूबाईंना ते मामी म्हणतात. एवढं बोलून ते स्कूटरवर माझ्या मागे बसले. मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. एका आकड्यापुढे इतकं नम्र होऊन उभं राहणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

परत गेल्यावर नवा दाब धरून गणित मांडलं आणि जुळलं. दुपारी मशीन सुरू झालं. बाई कोपऱ्यात डोळे पुसत होत्या. साडू बाहेर येऊन बाकावरच्या लोकांना म्हणाले, "माझ्यामुळं उशीर झाला, माफ करा." भोकरवाला पुटपुटत आत गेला.

शेवटच्या शेकाच्या दिवशी सासूबाईंनी डॉक्टरांना शाल आणि नारळ दिला. मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "तुमी हितं काय करता ओ नेमकं? पोरीला इचारलं तर तिला बी सांगता येईना."

"पाणी मोजतो, मामी."

"पगार येळेवर हाय न्हवं?"

"हाव."

"मग बरं हाय."

जिन्यात मी त्यांना धरलं. "अहो, सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? काहीच झालं न्हाई, गुरुजी. त्यासाठीच तर मी तिथं बसून राहिलो."

सासूबाई आता बऱ्या आहेत. उदगीरला गेलं की ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला डॉक्टरांच्या हातगुणाची गोष्ट सांगतात. ती दरवेळी थोडी लांबते. साडू शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत, मान हलवत ऐकत असतात. त्या गोष्टीत ते कुठेच येत नाहीत. एकदा मला राहवलं नाही, मी तोंड उघडलं. तर त्यांनी माझ्याकडे न बघताच सोललेल्या शेंगदाण्यांची मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली.